अकरा हजार दोनशे

गुनवोरबाईंनी गाडी आत घेतली
तेव्हा ऐकू आली ती फक्त खडी.
पाचशे घोडे, आणि एकही खिंकाळत नाही.
अडीच टनांचं धूड, पोटाखाली बॅटरी.
ड्रामेनमधल्या निम्म्या दारांत आता असलीच उभी असते.

"चारही टायर बदला म्हणतात तपासणीवाले.
चुकलं असेल त्यांचं. नवेच आहेत.
तोर्लाइफ तर असा चालवायचा
की मागचे लोक कंटाळून पुढे निघून जायचे."

मी खाचेत मोजपट्टी घातली.
दीड मिलिमीटरलाही कमी.
पडद्यावरचा आकडा : अकरा हजार दोनशे.
माझ्या वडिलांच्या डिझेल गाडीचे टायर
पन्नास हजार चालायचे,
आणि मग धक्क्यावर, बोटी आपटू नयेत म्हणून,
आणखी वीस वर्षं लटकायचे.

गिऱ्हाइकाला मी ठरलेलं सांगतो :
वजन जास्त, आणि जोर एका क्षणात येतो,
पेडलला नुसता अंगठा लागला तरी
रस्त्याची नि रबराची झटापट होते,
त्यात एकजण सोलवटतो.
सहसा रस्ता नाही.
लोक मान डोलावतात,
पेट्रोलचे वाचलेले पैसे इथे मोजतात.

पण हे टायर वेगळंच बोलत होते.
चारहींचा उजवा खांदा तासून काढलेला,
डावीकडची नक्षी बरीचशी शाबूत.
सरळ रस्त्यावर असं होत नाही,
त्याला डोंगर लागतो.
गावामागच्या डोंगराच्या पोटात
स्क्रूच्या आट्यांसारखा चढत जाणारा बोगदा आहे,
सहा वळसे, वर कॅफे, खाली नदी.
चढताना सगळी वळणं एकाच हाताची.
उतरताना माणूस जपून उतरला असणार.
चढताना नाही.

चाळीस वर्षं चर्चमधला ऑर्गन वाजवलेला,
खालचे स्वर पायांनी धरून ठेवणारा माणूस.
सत्त्याहत्तराव्या वर्षी,
बाई गुरुवारी पोहायला गेल्या की...
किती वेळा? मनात भागाकार मांडला,
आणि सोडून दिला.

टायरवाल्यानं कुणाच्या संसारात नाक खुपसू नये.
पण त्याच वाकल्या. बोट फिरवलं,
चपलेचा तळवा पाहावा तसं,
आधी डावीकडे, मग उजवीकडे.
"हीच बाजू का?"
"बोगदा," मी म्हणालो.

हवेचा पंप आपोआप सुरू झाला, आपोआप बंद पडला.
"मला सांगायचा, लायब्ररीत होतो."

चंदन झिजलं की त्याची कवनं होतात,
रबर झिजलं की पावती.
आणि झिजलेलं जातं कुठे
हे एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं मला.
त्यांनी विचारलं.
मी खरं ते सांगितलं : बोगद्याच्या भिंतींवर,
दिव्यांच्या काचांवर काजळीसारखं,
धुतलं की गटारात, तिथून नदीत, मग फ्योर्डमध्ये,
थोडं तुमच्या-माझ्या छातीत.
"म्हणजे आहे अजून."
"माशांना बाधतं ते," मी म्हणालो. राहवलं नाही.
"त्याचे खालचे स्वरही बाधायचे.
पहिल्या बाकावर कुणी बसायचं नाही."

मी त्यांना कडक जातीचे दाखवले,
जड गाड्यांसाठीच केलेले, वर्षानुवर्षं टिकणारे.
"आणि पकड?"
"थोडी कमी."
"मग नकोत."

संध्याकाळी चार नवे चढवले,
अंगावर रबराची लव अजून तशीच.
जुने मागे रचले, भुग्याला जाणाऱ्या ढिगात,
उजवे खांदे भिंतीकडे करून.
का, ते मला सांगता येणार नाही.
किल्ली देताना म्हटलं,
"पहिले तीनशे किलोमीटर जपून हं,
नव्या रबराला रस्ता कळायला वेळ लागतो."

"किती म्हणालात?"
त्यांनी पर्समधून पेन काढलं
आणि आकडा हाताच्या पाठीवर लिहून घेतला.